खिशातली स्ट्रिप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात भर दुपारी, माझ्या औषधाच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसताना, एक बाई आल्या. वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन घरी परतत होत्या. इकडे-तिकडे बघून त्यांनी मुठीतून एका जुन्या स्ट्रिपचा कापलेला तुकडा काढला आणि काउंटरवर ठेवला. "अण्णा, ही बारीक गोळी द्या दहा." गोळी अल्प्राझोलामची होती, घबराट लगेच उतरवणारी पण सवय लावणारी. चिठ्ठी नव्हती. कुणासाठी, म्हणून विचारलं. "पोरासाठी. परीक्षा जवळ आली की जीव घाबरा होतोय त्याचा. हातपाय गार पडतात, जेवत नाही. माझ्या नणंदेला या गोळीनं बरं वाटलं."

मी गोळी दिली नाही. मुलाला सिव्हिलच्या मानसोपचार विभागात एकदा दाखवा, असं सांगितलं. त्या मागे सरकल्या. "वेडा नाही हो तो," एवढंच म्हणाल्या आणि तुकडा उचलून निघून गेल्या. तो तुकडा घेऊन त्या पुढच्या दुकानात गेल्या असतील, हे मला माहीत आहे. त्या गेल्यावर माझा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. एके काळी त्यात हीच गोळी असायची, चोवीस तास. हे पत्र त्या बाईंसाठी आणि त्यांच्या मुलासाठी लिहितोय.

सोलापूरच्या पूर्व भागात माझं बावीस वर्षांचं औषधाचं दुकान आहे. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा सकाळी उघडलेलं शटर रात्रीच खाली यायचं. लोक रेमडेसिव्हिरच्या चिठ्ठ्या घेऊन हात जोडून उभे राहायचे आणि मी "नाही हो" म्हणत राहायचो. रोजची गिऱ्हाइकं होती ती. काहींची तोंडं पुन्हा दिसली नाहीत.

अशाच एका रात्री पाणी सोडलं होतं. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि त्यासाठी जागावं लागतं. अडीचच्या सुमाराला मोटर लावून टाकीपाशी उभा होतो. काहीही कारण नसताना छातीत कुणीतरी यंत्रमाग चालू करून दार लावून घ्यावं तसं झालं. दरदरून घाम आला. ओठ बधिर झाले, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आता आपण संपलो, याबद्दल मनात जराही शंका उरली नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावला, 98 दाखवत होता. तरी पटेना. पोरानं गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी स्वच्छ आला. एक इंजेक्शन दिलं आणि "काही नाही, टेन्शन घेऊ नका" असं सांगून पहाटे घरी पाठवलं. मला जे झालं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात, तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि आपोआप उतरतो, हे त्या रात्री कुणी सांगितलं असतं तर माझी पुढची दोन वर्षं वेगळी गेली असती.

नंतर आणखी दोन ईसीजी झाले. टू-डी इको झाला, पट्ट्यावर पळवून स्ट्रेस टेस्ट झाली. सगळं व्यवस्थित. आईनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मी मात्र दिवसातून चाळीस-चाळीस वेळा ऑक्सिमीटर लावत होतो. आणि एका संध्याकाळी पुन्हा धडधड सुरू झाली तेव्हा मी माझ्याच कपाटातून अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी काढून घेतली. अर्ध्या तासात छातीवरचा धोंडा उतरला. त्या अर्ध्या तासानं माझा घात केला.

पावाची अर्धी मिलिग्रॅम झाली, रात्रीची एक गोळी दिवसाला तीनवर गेली. ही सवय लावणारी गोळी आहे, हे मी रोज दुसऱ्यांना सांगत होतो. मार्च 2014 पासून अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वन मध्ये आहे. म्हणजे डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या याची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. माझी नोंद त्या रजिस्टरमध्ये कधी झाली नाही. हा माझा गुन्हा आहे आणि तो मी इथे कबूल करतो.

गोळी जसजशी वाढली तसतसं माझं जग आखडत गेलं. लग्नाला गेलो तर कार्यालयाच्या दाराशीच बसायचो. नवी पेठेच्या बाजारात जाणं सोडलं. पुण्याला बहिणीकडे हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचो, तेही बंद केलं, कारण चालत्या गाडीत काही झालं तर उतरणार कुठे? लहानपणापासून गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वरांची जत्रा, चुकवला नव्हता, तो लागोपाठ चुकवला. एकदा गोळी आपणच बंद करून बघितली. दोन दिवसांत हात कापायला लागले, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. नंतर कळलं की बरेच दिवस घेतलेली ही गोळी एकदम तोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. औषधांच्या दुकानात आयुष्य घालवलेल्या माणसाची ही गत, मग ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांचं काय होत असेल?

धुण्याला टाकलेल्या शर्टाच्या खिशात बायकोला स्ट्रिप सापडली. मग एक गाडीच्या डिकीत सापडली, एक उशीखाली. "अहो, दुकानातला माल घरात तीन-तीन ठिकाणी कशाला?" ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडी बदलून तयार होऊन बसली आणि म्हणाली, "चला, मी बरोबर आहे." फेब्रुवारी 2023 होता. मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यातल्या बाकावर माझं एक गिऱ्हाईक आधीच बसलेलं होतं. ज्यांच्या चिठ्ठ्या मी कित्येक वर्षं वाचत आलो, ते. मला बघून ते थोडे सरकले आणि जागा करून दिली. काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या काउंटरवर अशी चिठ्ठी आली की मी ती आधी उलटी ठेवतो आणि गोळ्यांचं नाव मोठ्यानं उच्चारत नाही.

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, दिवसाला किती गोळ्या. मी एक कमी सांगितली. ते म्हणाले, "खरा आकडा सांगा. पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे." सांगितला. त्यांनी रक्त तपासायला लावलं. थायरॉईड वाढलं तरी अशीच धडधड होते, ते आधी बघून घ्यायचं असतं. इतक्या तपासण्यांत ही एक राहून गेली होती. ती नॉर्मल आली. मग त्यांनी अल्प्राझोलामच्या जागी जास्त वेळ अंगात टिकणारी त्याच जातीची गोळी दिली आणि दर पंधरा दिवसांनी तिचा थोडा थोडा डोस उतरवत नेला. पाच महिने लागले. जोडीला एस्सिटालोप्राम ही वेगळ्या जातीची गोळी सुरू केली, आधी पाच मिलिग्रॅम, मग दहा.

इथे मला वाचकांना एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण माझ्या काउंटरवर याचीच सगळ्यात जास्त गल्लत होते. या दोन गोळ्या एक नव्हेत. अल्प्राझोलाम, क्लोनॅझेपाम लगेच शांत करतात, म्हणून त्या थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायच्या असतात. वर दारू घेतली तर श्वासच मंदावतो, जिवावर बेततं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन या जातीच्या गोळ्यांची तशी चटक लागत नाही, पण त्या सावकाश काम करतात. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तच लागतात. आणि पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळतं, अस्वस्थपणा उलट थोडा वाढतो. मला तर पहिल्या आठवड्यात वाटलं की औषधच आपल्याला मारतंय. डॉक्टरांनी हे अगोदर सांगून ठेवलं होतं म्हणून टिकलो. कितीतरी लोक आठव्या दिवशी उरलेल्या गोळ्या घेऊन दुकानात येतात, "परत घेता का, सोसल्या नाहीत." मी त्यांना हात जोडून सांगतो, डॉक्टरकडे जा, डोस कमी करतील, गोळी बदलतील, पण अशी टाकून देऊ नका. पंचविशीच्या आतल्या मुला-मुलींवर तर सुरुवातीच्या दिवसांत घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं. मरणाचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. आणखी एक. हातांची थरथर थांबवणारी प्रोप्रॅनोलॉल शेजाऱ्याला चालली म्हणून दम्याच्या माणसानं घ्यायची नसते. दमा उसळतो.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी शटर उघडताना लक्षात आलं की उठल्यापासून छातीकडे लक्षच गेलं नाही. माझे आजोबा जुन्या गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावरही कित्येक वर्षं ते पहाटे भोंग्याच्या वेळेला दचकून उठायचे, अशी आठवण घरात सांगतात. माझं तेच झालं होतं. भोंग्याचं कारण उरलं नव्हतं, पण आत तो वाजतच होता. गोळीनं त्याचा आवाज उतरवला. पण आवाज उतरला तरी मी अजून पळतच होतो. नवी पेठ बंद, गाडी बंद, गड्डा बंद. ते गोळीनं सुटलं नाही.

त्यासाठी डॉक्टरांनी एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. सुरुवातीला मला वाटलं, नुसत्या बोलण्यानं काय होणार. पण ते नुसतं बोलणं नव्हतं. दर आठवड्याला एक तास आणि वर गृहपाठ, असे चौदा आठवडे. त्यांनी शंभर पानी वही करायला लावली. कधी, कुठे, काय होईल असं वाटलं आणि खरंच काय झालं. एक नोंद जशीच्या तशी देतो: "14 मार्च, संध्या. 6.40, अशोक चौक. वाटलं: चक्कर येऊन गाडीवरून पडणार. झालं: सिग्नल सुटला. घरी आलो. पोहे खाल्ले." अशा साठ-सत्तर नोंदी झाल्या. एकीतही मी पडलो नव्हतो. हे मला कुणी तोंडी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, वाद कुणाशी घालणार?

एके दिवशी, माझे हृदयाचे सगळे रिपोर्ट बघून आणि डॉक्टरांना विचारून, त्यांनी मला खुर्चीवर बसवून एक मिनिट मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला. चाळीस सेकंदांतच बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, डोकं हलकं झालं. टाकीपाशी झालं होतं, तेच. भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानं मुंग्या येतात, बधिरपणा येतो, हे त्यांनी समजावलं. दोन वर्षं मी ज्याला हार्ट अटॅक समजत होतो, त्यातलं निम्मं माझ्याच श्वासानं होत होतं. मी तिथे रडलो. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि मला रडू दिलं.

श्वासाचा सराव त्यानंतर शिकवला. चार अंक मोजत नाकानं आत घ्यायचा, सहा अंक मोजत सोडायचा, पोट हलायला पाहिजे, खांदे नकोत. घेण्यापेक्षा सोडणं लांबवायचं. दुसरा सराव अंग ढिलं सोडण्याचा. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक भाग पाच सेकंद आवळायचा आणि मग सोडून द्यायचा. जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं ही पद्धत बसवली त्याला आता शंभर वर्षं होत आली. हे सराव बरं वाटत असताना रोज करायचे असतात. पूर आल्यावर पोहायला शिकता येत नाही. मी पहाटे हुतात्मा बागेत एका बाकावर करतो. दुकानातला चहा आठ-नऊ कपांवरून दोनवर आणला, त्याचाही मोठा फायदा झाला.

पण बाईंनी एक ताकीद दिली होती आणि ती मी कुठे वाचलेली नव्हती. म्हणाल्या, "काका, भीती पळवून लावायला श्वास मोजू नका. तसं केलंत तर ती दुसरी स्ट्रिप होईल. भीती असताना जागेवर उभं राहता यावं, एवढ्यासाठी मोजा." मग खरी स्ट्रिप सोडायची पाळी आली. तोवर सवयीच्या गोळ्या बंद झाल्या होत्या, पण खिशात अल्प्राझोलामची स्ट्रिप होतीच. पहिले पंधरा दिवस ती खिशातून डिकीत गेली. मग घरच्या कपाटात. मग दुकानात, कुलूपबंद. रिकाम्या खिशानं सात रस्त्यापर्यंत चालत गेलो त्या दिवशी पाय लटपटत होते. कुणी आपल्या घरच्या माणसाला "एवढ्याशा गोष्टीला काय घाबरतोस" म्हणत असेल तर त्यांनी कृपा करून तसं म्हणू नये. त्या माणसासाठी ती एवढीशी नसते.

जानेवारी 2024 च्या गड्ड्याला मी गेलो. सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला, बायकोसोबत. सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, संमती कट्ट्याकडे येत होते, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सगळीकडे, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" चा गजर. रेटा आला आणि छातीत सुरू झालं. सांगितलेलं एवढंच होतं, उतरेपर्यंत जागा सोडायची नाही. घड्याळात बघितलं, बारा वाजून दहा मिनिटं. बायकोचा हात धरला, श्वास सोडत राहिलो, पायाखालची जमीन चपलेतून चाचपत राहिलो. बारा पस्तीसला लक्षात आलं की मी नंदीध्वज बघतोय.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात, आता बरा झालो म्हणून, मी एस्सिटालोप्राम कुणाला न विचारता बंद केली. चटक लागत नसली तरी ती गोळीही एकदम तोडायची नसते. चौथ्या दिवसापासून डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं व्हायला लागलं, चक्कर यायला लागली. पुन्हा डॉक्टर, पुन्हा दहा मिलिग्रॅम. आता पाचवर आहे. बरं वाटायला लागल्यावरही सहा महिने-वर्षभर औषध चालू ठेवून मग हळूहळू उतरवतात, कुणाला त्याहून जास्त काळ लागतं. बीपीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या माणसाला आपण "अजून चालूच का" म्हणून टोकत नाही. मलाही कुणी टोकू नये.

पैशाचं आणि वेळेचं म्हणाल तर ते खरंच अवघड आहे. औषध जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतं, पण समुपदेशनाची फी दर आठवड्याला काढणं विणकराला, विडी कामगार बाईला झेपत नाही, आणि आपल्या शहरात शिकलेले मानसशास्त्रज्ञ गरजेच्या मानानं फार कमी आहेत. मानसिक आरोग्य कायदा 2017 मध्ये झाला. विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं, असं त्यात लिहिलेलं आहे. ते चांगलंच आहे, पण ॲडमिट न होता दर आठवड्याला जाणाऱ्याच्या हातात त्यातलं फारसं काही पडत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 10.6 टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक त्रास असल्याचं दिसलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. म्हणजे माझ्या दुकानात दिवसाला शंभर माणसं आली तर दहा जण. ते डोकेदुखीची, पित्ताची, झोपेची गोळी मागतात.

म्हणून तीन विनंत्या. माझ्या व्यवसायबंधूंनो, कापलेल्या तुकड्यावर ही गोळी देऊ नका. दहा गोळ्यांत आपल्याला जे सुटतं, त्यासाठी एखाद्याची दोन वर्षं जातात. डॉक्टरांना विनंती अशी की चिठ्ठीवर गोळी किती दिवस घ्यायची हे मराठीत लिहा, आणि पहिल्या दहा दिवसांत काय होईल ते तोंडी सांगा. एका मिनिटाचं काम आहे. आणि संपादक महोदय, तुम्हाला विनंती. ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा सुरू आहे. नंबर 14416. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. शहरातल्या पाणीपुरवठ्याची बातमी तुम्ही छापता, ती घराघरात वाचली जाते. तिच्या शेजारी एका ओळीत हा नंबर छापाल का? रात्री अडीचला टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला तो पाठ असायला हवा.

माझं नाव आणि पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, पण छापू नये. मला लाज वाटते म्हणून नव्हे. दुकान कोणतं ते कळलं तर तिथे चिठ्ठी घेऊन येणाऱ्या माणसाकडे लोक बघत राहतील, आणि तो यायचा थांबेल.

आपला,
एक औषधविक्रेता,
पूर्व भाग, सोलापूर